महामार्गावरील अपारंपरिक रचनांचा वाढीव खर्च वसूल होतो का?

रचना अपारंपरिक म्हणजे महागच, हे गृहीतक तपासून पाहावे. अमेरिकेत 2009 मध्ये मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे सुरू झालेल्या ‘डायव्हर्जिंग डायमंड’ इंटरचेंजमध्ये (महामार्ग आणि त्याला पुलावरून छेदणारा रस्ता यांच्या जोडणीत) त्या आडव्या रस्त्यावरील वाहने सिग्नलपाशी बाजू बदलून पुलावर चक्क उलट्या बाजूने जातात, त्यामुळे डावीकडे वळणाऱ्याला (तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून हेच वळण अवघड) समोरून येणारी वाहने आडवी येत नाहीत, आणि वळणासाठी वेगळी मार्गिका लागत नसल्याने बहुधा जुना पूलच पुरतो. खरी बचत इथेच होते. मात्र सरळ जाणाऱ्याला दोन सिग्नल लागतात, पादचाऱ्याला अनेकदा मधल्या पट्टीतून चालावे लागते. म्हणून वळणारी वाहने मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ती थोडी असतील तर बाजू न बदलणारा साधा डायमंड इंटरचेंजच बरा.