४० मिमी जाड मेटॅलिक ग्लास डायकास्टिंगने होईल का?

प्रश्न: वागळे इस्टेटला आमचं छोटं प्रेशर डायकास्टिंगचं (वितळलेला धातू दाबाने डायमध्ये, म्हणजे साच्यात भरायचं) युनिट आहे, झिंक-ॲल्युमिनियमचं काम. एका कस्टमरने झिरकोनियमवाल्या मेटॅलिक ग्लासचा पातळ पार्ट दाखवला, आता त्याला तसाच पण ४० मिमी जाड हवाय. डायला कूलिंग वाढवलं की जमेल ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नुसत्या कूलिंगने नाही जमणार. मेटॅलिक ग्लास म्हणजे अणू काचेसारखे अस्ताव्यस्त असतानाच झटकन गार केलेला धातू. डायमधून कितीही गार पाणी फिरवा, गाभ्यातली उष्णता शेवटी त्या धातूतूनच बाहेर यायची आणि हे झिरकोनियमवाले त्या बाबतीत एकदम सुस्त. जाडी दुप्पट केली की गाभा थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो, तेवढ्या वेळात अणू रांगेत बसले, म्हणजे क्रिस्टल झाले, की काच गेली, हातात ठिसूळ माल.

म्हणून खरा खेळ मिश्रधातू निवडण्यात आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत पॉल डुवेझ यांच्या ग्रुपने सोनं-सिलिकॉनची पहिली काच केली तेव्हा सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपास थंड करायचा वेग लागला होता, ९०च्या दशकातल्या व्हिट्रेलॉय-१ या झिरकोनियमवाल्या मिश्रधातूला सेकंदाला एखाद-दोन अंश पुरतात, त्यात तुमचे ४० मिमी बसूही शकतात. पण त्यात बेरिलियम आहे, त्याची धूळ-वाफ फुप्फुसाला फार वाईट, साध्या शेडमध्ये हात लावू नका. पॅलेडियमवाल्याचा ७२ मिमीचा दांडा जपानमध्ये १९९७ सालीच झालाय, भाव ऐकून कस्टमरच पळेल. आणि वितळवणं व्हॅक्यूम किंवा आर्गॉनमध्येच हं, झिरकोनियममध्ये ऑक्सिजन मुरला की क्रिस्टल लगेच धरतात.

तयार काच परत चारशे अंशांच्या आसपास गरम करून दाबूनही आकार देतात, पण त्याने जाडी वाढत नाही, मूळ तुकडाच तेवढा लागतो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये मात्र एकेक पातळ थर आपला आपण गार होतो त्यामुळे जाडीचं बंधन बरंच सुटतं, फक्त पावडरमधला ऑक्सिजन, बारीक पोकळ्या आणि खालचे थर पुन्हापुन्हा तापणं ही डोकेदुखी राहतेच.

माझं ऐकाल तर कस्टमरला विचारा, भरीव ४० मिमी कशाला? पातळ भिंती आणि आतून रिब देऊन भागत असेल तर तेच करा. आणि सॅम्पल केलंतच तर मधोमध कापून गाभ्याचा एक्सआरडी (अणूंची रचना दाखवणारी एक्स-रे चाचणी) काढा, टोकदार शिखरं आली तर क्रिस्टल, नुसता पसरट उंचवटा आला तर काच. कडेचा तुकडा लॅबला देऊ नका, कडेला काच निघणारच.