ब्रॉडवेच्या रेव्ह्यूचा कास्ट अल्बम चालू प्रयोगात रेकॉर्ड करतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: कास्ट अल्बम, म्हणजे नाटकातल्या नटांच्याच आवाजातला गाण्यांचा अल्बम, थिएटरात रेकॉर्ड करतात की स्टुडिओत, आणि कथानकच नसलेल्या रेव्ह्यूचा, म्हणजे नुसत्या गाण्या-नाचांच्या रंगमंचीय कार्यक्रमाचा, अल्बम नुसता गाण्यांचा संग्रह का वाटत नाही?

बहुतेक वेळा स्टुडिओत. थिएटरात गायकांच्या माइकमध्ये बँड शिरतो, पावलांचे आवाज येतात, आणि सूर चुकला तर तेवढीच ओळ पुन्हा घेता येत नाही. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, नटांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे रेकॉर्डिंगच्या एका दिवसाला आठवड्याच्या पगाराइतके पैसे द्यावे लागतात. म्हणून प्रयोगाला सुट्टी असलेला एक दिवस धरून शक्यतो सगळं उरकतात. त्यात नाटकाचा क्रम पाळत बसत नाहीत. आधी पूर्ण बँडची गाणी आणि शेवटी एकट्या पियानोवरची घेतली, की काम झालेले वादक मोकळे होतात. गळा ताणून गायचं गाणं मात्र संध्याकाळवर ढकलू नये. तोवर आवाज बसलेला असतो आणि मिक्सिंगमध्ये ते झाकता येत नाही.

पाच जण एकत्र गाताना माइकमधलं अंतर तोंड ते माइक या अंतराच्या किमान तिप्पट हवं. तोंड १५ सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा माइक ४५ सेंटिमीटर दूर. त्याहून जवळ ठेवले तर एकच आवाज दोन माइकमध्ये किंचित पुढेमागे पोचतो आणि पोकळ ऐकू येतो.

आता रेव्ह्यूबद्दल. ‘एन्ट मिसबिहेविन’ घ्या. अमेरिकन जाझ पियानोवादक आणि संगीतकार फॅट्स वॉलरच्या संगीतावरचा हा रेव्ह्यू मे १९७८ मध्ये ब्रॉडवेवर आला. पाच गायक, पियानोवर ल्यूथर हेंडरसन, जवळपास ३० गाणी. आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने त्याचा दोन एलपींचा (लाँग-प्ले तबकड्यांचा) अल्बम काढला, त्याला ग्रॅमी मिळालं. गोष्ट नसल्यामुळे इथे दोन गाण्यांमधली जागा हेच नाटक असतं. सगळीकडे सरसकट दोन सेकंद सोडले की अल्बम मेला. एकातून दुसरं गाणं उमलत असेल तिथे शून्य, संथ गाण्यानंतर तीन-चार सेकंद. प्रत्येक जागा कानाने ठरवावी लागते. प्रयोगात हशासाठी नट थांबतो, ती फटही स्टुडिओत बुजवायची, नाहीतर ओळ विसरल्यासारखी वाटते.

एलपीची एक बाजू साधारण २० ते २२ मिनिटांची. त्यापुढे गेलं की खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरते. आपल्याकडची नाट्यपदं मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागत, त्याच जातीची ही अडचण. शिवाय सुई मध्याकडे सरकेल तसा खाचेचा वेग कमी होतो आणि वरच्या पट्टीतले आवाज फाटू लागतात. अंकाचा शेवट मात्र ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या, कल्लोळात होतो आणि तो नेमका बाजूच्या टोकाला येतो. अशा वेळी बाजू १८ मिनिटांवर आवरली तर टोकाला मोकळी जागा राहते. सीडीवर हा प्रश्न नाही.

एक उणीव कशानेच भरत नाही. ‘द व्हायपर्स ड्रॅग’मध्ये आंद्रे द शील्ड्सचं अंग सापासारखं वळायचं, अल्बमवर त्यातला आवाज तेवढा उरतो. याउलट ‘ब्लॅक अँड ब्लू’ पाचही जण जागच्या जागी बसून गात, त्यामुळे ध्वनिमुद्रणात त्याचं काहीच हरवत नाही. ते हेडफोन लावून ऐका, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या एका आवाजावर कान ठेवून पाच वेळा ऐका.