वाचकांचे प्रश्न: आजेसासूबाईंची तिथी

प्रश्न: माझ्या आजेसासूबाई गेल्या वर्षी ९५व्या वर्षी वारल्या. मी दांडिया बाजारातल्या देशस्थांची मुलगी, सासर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आजी गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास गेल्या आणि शुक्रवारी दुपारच्या आत अहमदाबादला दफनही झालं. आता वर्ष भरतंय. तारीख कोणती धरायची? फोटोला हार घालू का, नैवेद्य दाखवू का? आणखी एक. इस्राएलमधल्या लोद आणि दिमोना गावांच्या नातेवाइकांनी सांगितलंय, 'आजीवर पानभर लिही, आम्ही सगळे फोनवर एकत्र वाचू.' मी या घरात येऊन आठच वर्षं झाली. मी काय लिहिणार, आणि मला अधिकार तरी काय?
– एक नातसून, वडोदरा

उत्तर: मुली, तुला 'अगं' म्हणूनच लिहिते. माझी नात तुझ्याएवढी आहे, आणि मीही याच गावात बेने इस्राएल घरात म्हातारी झाले.

तिथीचं आधी उरकू. आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. त्यामुळे गुरुवारी रात्री नऊला गेलेलं माणूस आमच्या हिशेबात शुक्रवारी गेलं. त्या दिवसाची हिब्रू तारीख धरायची. ती चंद्रावर चालते आणि १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो, तुमच्या अधिक महिन्यासारखाच. म्हणून इंग्रजी तारीख दर वर्षी मागेपुढे होते. आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला दिवा लाव आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तेवत ठेव. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. वडोदऱ्यात ते जमवणं कठीण, म्हणून घरच्या पुरुषांना अहमदाबादला, खमासाजवळच्या मागेन अब्राहममध्ये पाठव. १९३४ सालचं ते प्रार्थनालय पारशी अग्यारीच्या समोर आहे, चुकायचं नाही. तारीखही तिथेच विचारून घे. (माझी आजी प्रार्थनालयाला 'मशीद'च म्हणायची. रिक्षावाला भलतीकडे घेऊन गेला की त्यालाच ओरडायची.)

फोटोला हार नको, कुंकू नको, नैवेद्य तर नकोच. फोटो भिंतीवर आहे तिथे राहू दे, फक्त त्याच्यासमोर हात जोडू नकोस. कबरीवर गेलीस तर फुलांऐवजी एक खडा ठेव, आणि बाहेर पडताना हात धू.

कबरीचा दगड बसवायचा राहिला असेल तर तेवढं एक ऐक. माझ्या आजीच्या दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी असं ठरलं. कारागीर बिचारा हिब्रूची पहिलीच ओळ कोरत होता. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्याने कागदावरची अक्षरं डावीकडून उजवीकडे उतरवली आणि आजीचं नाव उलटं झालं. आम्ही पाहिलं तोवर संगमरवर पॉलिश होऊन आला होता. पुन्हा पैसे मोजले. कोरण्याआधी वाचता येणाऱ्या माणसाला कागद दाखव, आणि नावापुढे वडिलांचं नाव आहे ना ते बघ. हिब्रूत 'अमुकची मुलगी' असंच लिहितात.

आता पानाचं. आपल्या पूर्वजांच्या, नौगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतापासून, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून, शनिवारी शब्बाथला घाणा बंद ठेवणाऱ्या शनिवार तेल्यांपासून सुरुवात करू नकोस. ते लोदला सगळ्यांना पाठ आहे. शाळकरी निबंधातही तेच असतं. 'प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक' हे तीन शब्दही वापरू नकोस. सगळ्याच म्हाताऱ्या मेल्यावर प्रेमळ होतात. माझी नव्हती.

मी माझ्या आजीवर लिहिलं ते अंड्यावरून. ऑम्लेटला चार अंडी असोत की केकला आठ, ती प्रत्येक अंडं आधी एका छोट्या स्टीलच्या वाटीत फोडायची, वाटी खिडकीशी न्यायची, मान तिरकी करून बघायची. रक्ताचा ठिपका दिसला की अंडं मोरीत. नसला की पातेल्यात, आणि पुढचं. माझी आई घाईत एकदम पातेल्यातच फोडायला गेली, तर आजी तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. वाटीच्या काठाला एक पोचा होता, तिथेच ती अंडं टेकवायची. मासेही तसेच. खंडेराव मार्केटमध्ये रोहू उचलला की अंगठ्याचं नख शेपटीकडून डोक्याकडे उलटं फिरवायची. खवलं उठलं तरच घ्यायची. कोळंबीकडे बघायचीही नाही, पण अलिबागच्या आठवणीने नाक मात्र वर व्हायचं. 'गोड्या पाण्याचा मासा म्हणजे भिजवलेला कापूस,' हे मी हजारदा ऐकलं. मटणात दही कधीच नाही, नारळाचं दूध. हे सगळे आमचे खाण्याचे धर्मनियम, पण ती ते कुठल्या पुस्तकात वाचून पाळत नव्हती. तिच्या सासूने केलेलं पाहिलं होतं.

तुझ्या आजेसासूबाईंबरोबर तू सात वर्षं त्या स्वयंपाकघरात उभी होतीस. लोदवाल्यांनी त्यांना फोनच्या पडद्यावर पाहिलं. अधिकाराचं उत्तर एवढंच आहे. त्या तुला कशावरून बोलल्या, तू काय चुकलीस, शुक्रवारी दुपारी शब्बाथच्या तयारीत घर कसं दिसायचं, दिव्याच्या पेल्यात आधी पाणी घालून वर तेल ओतायच्या का, मनुका किती वाजता भिजत घालायच्या, हे लिही. भांडलात तर तेही लिही.

त्या इस्राएलला का गेल्या नाहीत, हे तुला माहीत असेल तर एक परिच्छेद त्याचा. माझ्या आजीच्या बहिणी गेल्या. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्नाआधी आमच्या लोकांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करायला सांगितली, तेव्हा बहिणींची पत्रं रडतच यायची. १९६४मध्ये इस्राएलच्या सरकारने आम्हाला सर्वार्थाने ज्यू म्हटलं. आजीने ते पत्र वाचलं आणि म्हणाली, 'त्यांना म्हणावं, अलिबागला या, शेजारणींना विचारा.' मग डाळ शिजली का ते बघायला आत गेली. याच्यावर मला एक शब्दही वाढवावा लागला नाही.

लिहायचं मराठीतच. आजी प्रार्थना हिब्रूत म्हणायच्या, पण रागावायच्या मराठीत ना? मुंबईत १८४६मध्ये हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठीत छापली गेली, आपली भाषा या घरात काही नवी नाही. तिकडची पोरं वाचू शकली नाहीत तर त्यांचे आजोबा हिब्रू करून सांगतील. त्यात चार शब्द पडतील, पडू देत.

शेवटी तू विचारलं नाहीस, पण विचारशील: त्या दिवशी गव्हाच्या चिकाचा हलवा करू का? नको. तो नव्याच्या सणाचा, म्हणजे आमच्या नववर्षाचा. तेव्हा कर, त्यांच्या हातचा नीट कर. हल्ली कॉर्नफ्लॉवरचा करतात, तोही खाल्ला जातो. पण खरा हवा असेल तर गहू तीन दिवस भिजव, पाणी रोज बदल, वाटून पिळून चीक काढ. रात्रभर बसू दे, सकाळी वरचं पाणी टाक, मग नारळाचं दूध आणि साखर. ढवळायला दोघी लागतात. नणंदेला बोलाव.