कॅम्पर व्हॅनमध्ये छोटा फ्रिज, पंखा, लाइट आणि लॅपटॉप चालवायचाय. कमी पैशात सोलर कसं बसवू? २०० वॅटचं पॅनेल पुरेल का?

फ्रिज असेल तर २०० मध्ये ओढाताण होईल, ३०० च्या आसपास जा. पण पॅनेल सगळ्यात शेवटी घ्या हो. आधी दिवसाला किती वॅट-अवर (वॅट गुणिले तास) लागतात ते कागदावर मांडा, लोक आधी पॅनेल उचलतात आणि मग बाकीचं सगळं त्याला जुळवत बसतात, बजेटची वाट तिथेच लागते.

तुमचंच धरू. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅट ओढतो, पण सलग नाही, चालू-बंद होत राहतो, दिवसाचे साधारण १० तास धरले तर ४५०. २० वॅटचा पंखा रात्री ८ तास म्हणजे १६०. लॅपटॉप १००, लाइट-मोबाईल मिळून ७०. झाले ७८०. आता टपावर पॅनेल आडवं, ऊन तिरकं, त्यात पॅनेल तापलं की आउटपुट अजून घसरतं, म्हणून चांगल्या उन्हाचे ४ तास आणि त्यातलंही ७० टक्केच धरायचं. ३०० वॅटला ८४० येतात, जेमतेम भागतं. (स्वस्त दिसतो म्हणून थर्मोइलेक्ट्रिक (कॉम्प्रेसर नसलेला) कूलर घेऊ नका, तो जवळजवळ दिवसभर ओढतच राहतो.)

पैसे वाचवायची पहिली जागा म्हणजे इन्व्हर्टर, बॅटरीच्या १२ व्होल्टची घरासारखी २३० व्होल्ट वीज करणारा डबा. घेऊच नका. काहीही न लावता नुसता चालू ठेवला तरी मोठा इन्व्हर्टर १५ वॅट सहज खातो, २४ तासांचे ३६० झाले, म्हणजे जवळपास अजून एक फ्रिज! लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर १२ व्होल्टवरचा ६५ किंवा १०० वॅटचा कार चार्जर बास आहे. इंडक्शन शेगडीचा विचार असेल तर सोडून द्या, गॅसच बरा.

दुसरी जागा पॅनेल. कॅम्परसाठी म्हणून विकली जाणारी छोटी पॅनेल वॅटमागे महाग पडतात, घरावर बसवतात ते ४०० वॅटचं मोठं पॅनेल, अगदी जुनं वापरलेलं सुद्धा, खूप स्वस्तात पडतं. वजन २० किलोच्या पुढे असतं, तेव्हा टप आणि कॅरियर झेपतंय का बघा. आणि पॅनेल व बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर त्याला एमपीपीटीच लागतो, म्हणजे जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देणारा. कारण असं पॅनेल ३१ व्होल्टला १३ अँपिअर देतं, पीडब्ल्यूएम हा साधा, स्वस्त कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली खेचतो, १३ गुणिले १३ म्हणजे १७० वॅटच हातात, अर्ध्याहून जास्त वाया. आणि टपावरच्या व्हेंटची सावली पॅनेलवर पडू देऊ नका, कोपऱ्यावर पडलेली सावली पण बरंच नुकसान करते.

बॅटरीत मात्र कंजुषी नको. १०० एएचची (अँपिअर-अवर) १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२८० वॅट-अवर देते आणि त्यातलं ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतं. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे तेवढ्याच कामाला २०० एएच आणि ५०-६० किलोचं धूड. फक्त लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, थंडीत फिरणार असाल तर लो टेंपरेचर कटऑफ (थंडीत चार्जिंग आपोआप बंद करणारा) असलेली बघा.

वायरकडे कोणी बघत नाही, पण १२ व्होल्टला खरी गळती तिथेच होते. १० अँपिअर, जाऊन-येऊन १० मीटर, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर ०.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि फ्रिज लो व्होल्टेज दाखवून बंद पडतो. तिथे ६ ची टाका. फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी लागून, नंतर बघू म्हणून सोडू नका, आग लागते ती बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या, फ्यूजचं संरक्षण नसलेल्या वायरनेच.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलटं.