पोरीला आत्महत्येवर संशोधन करायचंय

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ होऊन आत्महत्या आणि स्वतःला इजा करून घेणं यावर संशोधन करायचंय. ते विचारतात, 'हा काय विषय झाला? रात्रंदिवस तेच वाचून तिच्याच डोक्यात काही शिरलं तर? आणि पोटापाण्याचं काय?'

रामराम भाऊसाहेब,

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी तिच्या वर्गातल्या मुलीने 'जिवाचं बरंवाईट करून घेतलं', आणि त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. मला सगळ्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची वाटली.

'बरंवाईट' म्हणून आपण फार काही झाकून टाकतो. संशोधकाला तेच उघडून बघावं लागतं. त्या माणसाला मरायचंच होतं, की आतली घालमेल सोसवेना म्हणून त्याने हातावर जखम करून घेतली? दोन्हीकडे धोका आहे, पण कारणं वेगळी आणि उपचारही वेगळे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलं की 'मी सगळ्यांवर ओझं झालोय' आणि 'मी कुणाचाच नाही' या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. कर्जात रुतलेल्या कापूसवाल्याच्या तोंडून 'ओझं' हा शब्द तुम्हीही ऐकला असेल. पण 'जीव लागत नही' म्हणणाऱ्याला 'तुमची निराशा एक ते पाचमध्ये सांगा' असं विचारलं तर तो गप्पच बसेल. अहिराणी कानावर पडत वाढलेली तुमची लेक त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलू शकेल. बाहेरून आलेल्या मोठ्या विद्वानाला ते सहज साधणार नाही.

अशा अभ्यासाने माणसं वाचतात. श्रीलंकेत विषबाधेच्या नोंदी तपासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आपल्याकडे २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक.

आता पोटापाण्याचं. एम.ए.नंतर तिने भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षणच घ्यावं. परिषदेच्या नोंदणीशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. हे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी एम.फिल. पदवीचं असायचं; यूजीसीने २०२२ मध्ये ती पदवी बंद केली आणि या विषयाला तात्पुरती मुदतवाढ दिली. त्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीची परिषदेची यादी बघा, क्लासवाल्याच्या जाहिरातीवर जाऊ नका. बंगळुरूची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था इथली प्रवेश परीक्षा अवघड असते, पण तिने द्यावीच. पीएच.डी. त्यानंतर. आधी रुग्णांसमोर बसायची सवय हवी, कारण मुलाखत देणारा जर त्याच रात्री धोक्यात असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्याला सांभाळता आलं पाहिजे. नोकऱ्या रुग्णालयांत आहेत, विद्यापीठांत आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे आधीच सांगतो.

तिच्या डोक्यावर परिणाम होईल ही तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. या कामाचा ताण येतोच, म्हणून अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित बोलणं हा कामाचाच भाग असतो. मात्र आत्महत्येबद्दल विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार पेरला जातो, असं संशोधनात आढळलेलं नाही. उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी तुम्ही तिच्याजवळ बसा. त्या मैत्रिणीचं नाव घ्या. हाच विषय का निवडलास, हे विचारा. तुझ्या मनात कधी मरणाचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. ती 'हो' म्हणाली तर रागावू नका, उपदेश करू नका, ऐकून घ्या. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा, किंवा १४४१६ या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. 'नाही' म्हणाली, तरी त्या मैत्रिणीबद्दल तिला जे बोलायचं असेल ते बोलू द्या.