रॉस काउंटी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा का बुडाली

तुमचा प्रश्न दिसायला एक आहे पण आत तीन-चार आहेत, त्यामुळे जरा लांबण लागणार, घाईत असाल तर नंतर वाचा. तुम्ही विचारलंय की रॉस काउंटी ही फुटबॉल टीम 2023 आणि 2024 ला प्लेऑफ जिंकून स्कॉटिश प्रीमियरशिपमध्ये (स्कॉटलंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये) टिकली आणि 2025 ला त्याच प्लेऑफमध्ये हरून खाली गेली, तर आधीची दोन वर्षं नुसतं नशीब होतं का, आणि मुळात ते लोक सीझन संपत आल्यावर पॉइंट टेबल मधूनच का तोडतात. टेबलचं आधी सांगतो, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

लीगमध्ये टीम फक्त 12. प्रत्येकीशी तीनदा खेळलं की 33 मॅच होतात, आणि तिथे टेबल कापतात, वरच्या सहा एकीकडे आणि खालच्या सहा दुसरीकडे. मग आपापल्या गटात प्रत्येकीशी एकेक, म्हणजे अजून पाच मॅच, एकूण 38. एकदा कापलं की या गटातून त्या गटात जाता येत नाही, त्यामुळे सातव्या टीमचे पॉइंट शेवटी सहाव्यापेक्षा जास्त झाले तरी ती सातवीच राहते. नवीन माणसाला हे हमखास वेड्यासारखं वाटतं. 12वी टीम थेट खाली. 11वीला एक शेवटचा चान्स, आणि तोच हा प्लेऑफ.

खालच्या लीगमधली (तिचं नाव चॅम्पियनशिप, इंग्लंडच्या चॅम्पियनशिपशी गल्लत करू नका) पहिली टीम थेट वर येते. तिसरी आणि चौथी आपापसात दोन मॅच खेळतात, त्यातली जिंकेल ती दुसऱ्या नंबरवालीशी दोन, आणि त्यातून जी उरेल ती आमच्या 11व्या टीमशी दोन. म्हणजे चौथ्या नंबरची टीम महिनाभरात सहा मॅच खेळते आणि 11वी फक्त दोन, शिवाय दुसरा लेग (दोनातली दुसरी मॅच) 11वीच्या घरच्या मैदानावर. वरच्या क्लबांनी स्वतःची सोय बघून हा नियम केलाय अशी ओरड दरवर्षी होते आणि ती पूर्ण खोटी नाही. 2014 पासून 2025 पर्यंत असे 11 प्लेऑफ झाले (2020 ला कोविडमुळे झालाच नाही) आणि त्यात सात वेळा वरची टीम टिकली, चार वेळा खालची चढली. पारडं झुकलेलं आहे, पण चार वेळा म्हणजे काही अपघात नाही.

आता रॉस काउंटी. क्लब डिंगवॉलचा, इनव्हरनेसच्या थोडं वर, हायलँड्समध्ये. गावाची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये बसतात साधारण साडेसहा हजार! अख्खं गाव आलं तरी खुर्च्या उरतात. 1994 पर्यंत हे हायलँड लीगमध्ये खेळायचे, त्या वर्षी इनव्हरनेसवाल्यांबरोबर यांना राष्ट्रीय लीगमध्ये घेतलं, 2012 ला पहिल्यांदा टॉप डिव्हिजनमध्ये आले आणि पहिल्याच सीझनला पाचवे. 2016 ला लीग कप पण जिंकले, फायनलला हिब्जला (हायबर्नियनला) 2-1 हरवून. 2018 ला एकदा खाली गेले पण वर्षभरात चॅम्पियन होऊन परत. या सगळ्याच्या मागे रॉय मॅकग्रेगर हा एकच माणूस, ग्लोबल एनर्जी नावाच्या तेल-उर्जेच्या धंद्यातल्या कंपनीचा. मी ॲबर्डीनला याच लाइनमध्ये आहे, इथल्या ऑफिसांमध्ये काउंटीचे फॅन मोजकेच भेटतात पण जे भेटतात ते मे महिन्यात कामाचे नसतात.

2022 ला हीच टीम सहावी आली होती, वरच्या गटात, मॅल्की मकाय मॅनेजर. डंडी युनायटेड त्याच सीझनला चौथे. आणि पुढच्याच सीझनला या दोघी तळाला एकमेकींचे पाय ओढत होत्या, यावरून या लीगमध्ये मधल्या टीमांच्यात अंतर किती कमी असतं ते बघा. दोन चांगले प्लेअर विकले गेले, एखादा स्ट्रायकर जायबंदी झाला की चौथ्याचे बारावे. युनायटेडने तर ऑगस्टमध्ये सेल्टिककडून घरी 9-0 खाल्ले होते, मॅनेजर दोनदा बदलले. शेवटच्या दिवशी 28 मे 2023 ला काउंटी किल्मार्नॉकला गेली, जिंकली असती तर प्लेऑफ त्यांच्या गळ्यात आणि आपण मोकळे. हरले 3-1. किल्मार्नॉकचं मैदान तेव्हा प्लास्टिकच्या गवताचं होतं, तिथे बॉल वेगळाच उसळायचा, बाहेरच्या टीमला जड जायचं. तिकडे युनायटेड मदरवेलकडे 3-2 हरून थेट खाली गेली, त्यामुळे काउंटी 11वी.

समोर पार्टिक थिसल, ग्लासगोची टीम. चॅम्पियनशिपमध्ये चौथी आलेली, पण फॉर्म असा की क्वीन्स पार्कला दोन लेग मिळून 8-3 आणि एअर युनायटेडला 8-0. (त्या क्वीन्स पार्कचं पण वाईट वाटतं. शेवटच्या दिवशी डंडी एफसीला (युनायटेड वेगळी) हरवलं असतं तर थेट वर गेले असते, 5-3 हरले, आणि मग प्लेऑफमध्ये ही धुलाई.) फरहिलला, म्हणजे पार्टिकच्या घरी, पहिला लेग पार्टिकने 2-0 जिंकला. त्यांचा स्ट्रायकर ब्रायन ग्रॅहम पूर्वी काउंटीकडेच होता, आणि गंमत म्हणजे स्वतः खेळता खेळता तो पार्टिकच्या महिला टीमचा मॅनेजर पण होता.

4 जून 2023, डिंगवॉल, दुसरा लेग. पार्टिकच्या एडन फिट्झपॅट्रिकने गोल केला आणि ॲग्रिगेट (दोन्ही लेग मिळून) 3-0. इथे बहुतेकांनी टीव्ही बंद केला असणार. साधारण वीस मिनिटं उरलेली असताना काउंटीला पेनल्टी मिळाली, यान धांडाने मारली, गोल. अजून सेलिब्रेशन संपायच्या आत सायमन मरेचा दुसरा. आणि मॅच संपता संपता जॉर्ज हार्मनचा तिसरा, हा लेफ्ट बॅक, म्हणजे डिफेंडर! 3-3. पार्टिकचे प्लेअर त्या शेवटच्या वीस मिनिटांत बघण्यासारखे होते, बॉल क्लिअर केला की दोन पावलं पुढे यायच्याऐवजी जागेवरच कमरेवर हात, त्यामुळे पुढचा क्रॉस परत तिथूनच. सहावी मॅच होती त्यांची, पायात काही उरलंच नव्हतं. एक्स्ट्रा टाइम, मग शूटआउट, काउंटी 5-4.

हा धांडा आपल्याकडच्यांना माहीत असेल. वडिलांकडून पंजाबी, जन्म इंग्लंडचा, लिव्हरपूलच्या अकॅडमीतून आलेला, भारताकडून खेळायची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवलेला. पण आपला नियम असा की त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागतो, त्यामुळे गाडी तिथेच अडली. आयएसएल (इंडियन सुपर लीग) बघणाऱ्यांनी हा प्रेशरमध्ये पेनल्टी कसा मारतो ते बघावं एवढंच म्हणेन.

आता तुमचा मुद्दा, नशीब की दम. त्या दिवसानंतर सगळ्यांनी जिगर, हायलँडचं पाणी वगैरे लिहिलं. असेलही. पण मला विचाराल तर ती मॅच जानेवारीत जिंकलेली होती. सायमन मरेला काउंटीने जानेवारी 2023 मध्ये क्वीन्स पार्ककडून आणलं, म्हणजे खालच्या लीगमधल्या टॉपच्या टीमचा चालू फॉर्ममधला स्ट्रायकर उचलला. तळाच्या टीमा जानेवारीत सहसा काय करतात, तर इंग्लंडमधून कुठल्यातरी क्लबच्या रिझर्व्हमधला पोरगा लोनवर आणतात, त्याला डिंगवॉल नकाशावर सापडेपर्यंत मार्च येतो. मरेला ही लीग, ही मैदानं, हा वारा सगळं पाठ होतं. खालच्या गटातल्या मॅच म्हणजे काय असतात, लांब बॉल, सेट पीस, कुणीच उघडं पडायला तयार नाही, अशा मॅचमध्ये अर्धा चान्स मिळतो आणि तो घालणारा माणूस लागतो. बाकी टॅक्टिक्स वगैरे नंतर.

2023-24 ला तेच परत. नोव्हेंबरमध्ये मकायला काढलं, डेरेक ॲडम्सला आणलं, 2012 ला टीम वर आणणारा तोच, पण फेब्रुवारीत तोही सोडून गेला. मग डॉन काउईकडे हंगामी चार्ज. हा तिथलाच, जवळच्या स्ट्रॅथपेफरचा, काउंटीतच तयार झालेला आणि पुढे स्कॉटलंडकडून खेळलेला. 14 एप्रिल 2024 ला याने रेंजर्सला डिंगवॉलमध्ये 3-2 हरवलं, क्लबच्या इतिहासात रेंजर्सवर पहिला विजय. गोल कुणाचे बघा, मरे, हार्मन आणि जॉश सिम्स. म्हणजे आदल्या वर्षी वाचवणाऱ्यातलेच. तरीही शेवटी सेंट जॉनस्टन 10वे आणि काउंटी परत 11वी, पण या वेळी समोरची रेथ रोव्हर्स अगदीच फिकी पडली, 2-1 आणि 4-0, मिळून 6-1. यावर कुणी काही लिहीत नाही कारण ड्रामा नव्हता, पण खरं चांगलं काम हेच होतं.

आणि मग उन्हाळ्यात मरे गेला डंडी एफसीला, धांडा गेला हार्ट्सला.

इथेच तुमच्या तिसऱ्या वर्षाचं उत्तर आहे. 2024-25 ला रोनन हेल हा स्ट्रायकर आणला होता, नॉर्दर्न आयर्लंडहून, गोल केले त्याने, तो फेल गेला असं नाही म्हणणार. पण सीझन संपताना टीमला जिंकायचं कसं तेच आठवेना, खालच्या गटात उतरतीच्या फॉर्ममध्ये घसरत घसरत 11वी. आणि 10वी कोण? डंडी, जिथे मरे गेला होता. मी मुद्दाम जुळवत नाहीये, टेबल काढून बघा.

प्लेऑफला समोर लिव्हिंगस्टन, चॅम्पियनशिपमध्ये दुसरी आलेली. हा फरक लोक विसरतात. पार्टिकसारखी थकलेली चौथी टीम नाही, ही आधी दोनच मॅच खेळून आलेली, डेव्हिड मार्टिनडेलची टीम, धिप्पाड, कॉर्नर आणि थ्रो-इनवर जगणारी, आणि वर्षभरापूर्वीच प्रीमियरशिपमधून उतरलेली म्हणजे काउंटीला आतून-बाहेरून ओळखणारी. पहिला लेग 1-1. दुसऱ्या लेगला डिंगवॉलमध्ये काउंटी 2-0 पुढे गेली! ॲग्रिगेट 3-1, सगळ्यांना वाटलं झालं आता, परत वाचले. तिथून लिव्हिंगस्टनने चार घातले. 4-2, मिळून 5-3, खेळ खलास. दोन वर्षांपूर्वी पार्टिकचं जे झालं तेच काउंटीचं झालं, फक्त यांना थकण्याचं कारण पण नव्हतं. पुढे गेल्यावर टीम मागे मागे सरकत गेली, स्वतःच्याच बॉक्समध्ये जाऊन बसली, आणि लिव्हिंगस्टनसारख्यांना तुम्ही बॉक्सपाशी येऊ दिलंत की संपलं. दरवर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून पास होणाऱ्या पोराचं एखाद्या वर्षी जे होतं ते झालं.

आणि घरच्या मैदानावर दुसरा लेग म्हणजे फायदाच, असं ज्यांना वाटतं त्यांनी 2014 चं हिब्ज काढून बघावं. एडिनबराचा एवढा मोठा क्लब, लीगच्या शेवटच्या दिवशी घरी किल्मार्नॉकशी नुसता ड्रॉ पुरेसा होता तरी 1-0 हरले आणि 11वे झाले. प्लेऑफचा पहिला लेग हॅमिल्टनमध्ये जाऊन 2-0 जिंकले, जेसन कमिंग्जचे दोन्ही. मग ईस्टर रोडवर, स्वतःच्या पब्लिकसमोर, 2-0 मागे, त्यातला दुसरा गोल इंज्युरी टाइममध्ये, आणि पेनल्टीवर हरून खाली गेले. त्यांना परत वर यायला 2017 उजाडलं. त्या दिवशी पब्लिकचा दबाव हिब्जच्याच पायात आला होता. डिंगवॉलला निदान तेवढं पब्लिक तरी नाही, हा एक तिरका फायदा म्हणा.

खाली गेल्याने एवढं काय बिघडतं असंही तुम्ही विचारलंय. काउंटीसारख्यांचं खूप बिघडतं. सेल्टिक आणि रेंजर्स वर्षातून येतात तेव्हाच ते स्टेडियम खरं भरतं, ती तिकिटं गेली, टीव्हीचे आणि लीगच्या बक्षिसाचे पैसे घटले, आणि चांगले प्लेअर पहिल्याच आठवड्यात निघतात. शेजारच्या इनव्हरनेसचं बघा, 2017 ला शेवटच्या दिवशी मॅच जिंकूनही तळाला राहून उतरले, परत वर आलेच नाहीत, 2024 ला तिसऱ्या पातळीवर आणि त्याच वर्षी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (म्हणजे जवळपास दिवाळं), वरून 15 पॉइंटची कपात. आपल्याकडे आयएसएलमधून वर्षानुवर्षं कुणी खाली गेलंच नाही त्यामुळे ही भीती आपल्याला कळत नाही. गोव्याच्या जुन्या लोकांना कळेल, डेम्पो पाच वेळा देशाचे चॅम्पियन आणि 2015 ला आय-लीगमधून खाली.

पुढच्या मे महिन्यात बघायचं असेल तर वरच्या गटाच्या नादी लागू नका, तिथे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. 33वी मॅच झाली की शेवटच्या पाचांचं शेड्यूल जाहीर होतं, त्यात 10वी, 11वी आणि 12वी एकमेकींशी कधी आणि कुणाच्या घरी आहेत तेवढं टिपून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी खालच्या गटाच्या सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे एकच स्क्रीन असेल तर 11व्या टीमची लावा आणि बाकीचे स्कोअर फोनवर. दुपारी बाराचा किक-ऑफ असला तर तुमच्याकडे साडेचार, चहाची वेळ. संध्याकाळचा पावणेआठचा असला तर मात्र सव्वाबारा वाजतात, दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच टाकून ठेवा.