‘रद्द’च्या पुढचा शब्दही वाचा

नमस्कार साहेब,

आपलं पत्र मिळालं. मुलगी इथे बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाली, लग्नानंतर सॅन होजेला गेली आणि आता तिथे ॲक्युपंक्चर शिकायचं म्हणते. आपण परवाने देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या ॲक्युपंक्चर बोर्डाचे कारवाईचे आदेश वाचलेत, त्यातल्या चारपाच ठिकाणी ‘परवाना रद्द’ दिसलं आणि विचारलंत, "एवढा पैसा ओतायचा आणि एका पेशंटच्या तक्रारीने सगळं पाण्यात?"

प्रवेशाआधी असे आदेश वाचणारे पालक माझ्याकडे क्वचितच येतात. पण ते आदेश पुन्हा उघडा. पुष्कळ ठिकाणी ‘रद्द’ नंतर लगेच ‘स्थगित’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे परवाना कागदावर रद्द, पण ती शिक्षा थांबवून काही वर्षं प्रोबेशन. त्या काळात प्रॅक्टिस चालू राहते. ठरावीक मुदतीने अहवाल द्यावा लागतो, सांगितलेले कोर्स करावे लागतात, कधी दुसऱ्या अनुभवी माणसाची देखरेख असते. अटी मोडल्या तर मात्र स्थगिती उठते.

तक्रार आणि शिक्षा यांच्यामध्ये बरेच टप्पे आहेत. आधी चौकशी. किरकोळ चूक असेल तर दंडाची नोटीस, जास्तीत जास्त 5,000 डॉलरपर्यंत. प्रकरण गंभीर असलं तर ते राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयाकडे जातं आणि तिथले वकील आरोपपत्र तयार करतात. मग सुनावणी होते, ती बोर्डापुढे नाही, स्वतंत्र कार्यालयातल्या प्रशासकीय न्यायाधीशापुढे. आरोप सिद्ध करायची जबाबदारी बोर्डाची, आणि पुरावाही साध्या दिवाणी दाव्यापेक्षा भक्कम लागतो. न्यायाधीश निकाल ‘सुचवतात’. तो स्वीकारायचा की नाही हे सात जणांचं बोर्ड ठरवतं, आणि त्यात तीनच ॲक्युपंक्चरिस्ट, बाकी चार सामान्य नागरिक. त्यानंतरही सुपीरिअर कोर्टाचं दार उघडं असतं.

खरी मेख वेगळीच आहे. आरोपपत्र आल्यावर मुदतीत उत्तर द्यायचं असतं. ते पाकीट घाबरून कपाटात टाकलं तर सुनावणीविनाच परवाना जाऊ शकतो. पत्ता बदलला आणि बोर्डाला कळवलं नाही तरी हीच गत. आपल्या मुलीचा स्वभाव आपणच जाणता: ती नकोसं पत्र लगेच फोडते की नंतर बघू म्हणते? मला कलमापन चाचणीच्या निकालापेक्षा याचं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, नोंदी. कोणत्या बिंदूवर सुई घातली, पेशंटला आधी काय सांगितलं, हे त्याच दिवशी लिहिलेलं नसेल तर चांगल्या थेरपिस्टचीही बाजू लंगडी पडते. सुई एकदाच वापरायची, यात तडजोड नाही. पेशंटशी लैंगिक जवळीक असेल तर प्रोबेशनची आशा धरू नये. आणि दवाखान्याबाहेरचंही मोजलं जातं: दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली तर तीही बोर्डापर्यंत पोचते, कारण परवान्यासाठी बोटांचे ठसे दिलेले असतात.

खर्चाबद्दल आपली भीती मात्र रास्त आहे. केस हरली तर बोर्ड चौकशीचा खर्चही मागू शकतं, स्वतःच्या वकिलाची फी वेगळीच. त्यामुळे व्यावसायिक विमा घेताना परवान्याच्या कारवाईतला वकिलाचा खर्च त्यात धरलाय का, हे तिने विचारावं. खरोखर रद्द झालेला परवाना परत मागायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. आणि ‘तिथे काही झालं तर दुसऱ्या राज्यात जाईल’ हा हिशोब धरू नका, एका राज्यातली कारवाई दुसरं राज्य विचारतंच.

माझ्या मते तिला अडवायला हे कारण पुरेसं नाही. अभ्यासक्रम किमान 3,000 तासांचा आहे, त्यातले 950 तास प्रत्यक्ष पेशंटसमोर. बीपीटीमुळे त्यातलं किती माफ होईल, हे कॉलेजकडून लेखी घ्या, फी भरण्यापूर्वी. आणि ते चारपाच आदेश तिलाच वाचायला पाठवा, आपण फोनवर समजावून सांगू नका.